न आवडणाऱ्या खेळात अव्वल राहता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने पालकांकडून, प्रशिक्षकांकडून आणि अकादमीत राहून खेळणाऱ्या मुलामुलींकडून येतात. काही टीव्हीसमोर बसून चिडलेल्या प्रेक्षकांचेही आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. सर्वोच्च पातळीवर खेळायचं तर तो खेळ मनापासून आवडायलाच हवा का?

नाही. जगातल्या पहिल्या क्रमांकावर बसलेल्या, विश्वचषकात गोलांची हॅटट्रिक केलेल्या खेळाडूंनी 'मला हा खेळ आवडत नाही' असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे (प्रश्न २ आणि ३). अर्थात बहुतेक मोठ्या खेळाडूंना आपला खेळ आवडतोच. सचिन तेंडुलकरला क्रिकेट आवडत होतं की नाही, असा प्रश्न आजवर कुणी पाठवलेला नाही.

पण आवड नसली तरी चालतं म्हणजे काहीच नसलं तरी चालतं, असं नव्हे. दीर्घकाळ टिकलेल्या खेळाडूकडे रोज मैदानावर जाण्याचं एक कारण असतं आणि ते त्याचं स्वतःचं असतं. कुणाला घर चालवायचं असतं, कुणाला हरणं सहन होत नाही, कुणाला कालच्यापेक्षा आज चांगलं करायचं असतं. कारण उसनं असलं, म्हणजे बापाचं किंवा कोचचं असलं, की आज ना उद्या गाडी अडते.

२. आंद्रे आगासीला टेनिस खरंच आवडत नव्हतं, की पुस्तक खपावं म्हणून त्याने तसं लिहिलं?

एकेकाळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या या अमेरिकन टेनिसपटूने २००९ साली आलेल्या आत्मचरित्रात टेनिसचा आपल्याला तिरस्कार होता असं लिहिलं आणि तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. त्याच पुस्तकात त्याने १९९७ मध्ये अमली पदार्थ घेतल्याची आणि चाचणीत सापडल्यावर टेनिस संघटनेला खोटं सांगितल्याची कबुली दिली आहे. नुसतं पुस्तक खपवायला माणूस स्वतःच्या नावाला इतका बट्टा लावून घेईल, हे मला पटत नाही. शिवाय बालपणाचा तपशील पाहिला तर तिरस्काराचं नवल वाटत नाही.

वडील माइक आगासी हे १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये इराणकडून उतरलेले मुष्टियोद्धे. लास व्हेगासला त्यांनी घरामागे टेनिस कोर्ट बांधलं आणि चेंडू फेकणाऱ्या यंत्रात फेरफार करून त्याचा वेग वाढवला. पोराने त्या यंत्राचं नाव 'ड्रॅगन' ठेवलं होतं. वडिलांचा हिशेब साधा: दिवसाला २५०० चेंडू मारले की वर्षाला जवळपास १० लाख होतात आणि वर्षाला १० लाख चेंडू मारणाऱ्या पोराला कुणी हरवू शकत नाही. तेराव्या वर्षी त्याची रवानगी फ्लोरिडातल्या अकादमीत झाली. शाळा नववीनंतर सुटली. या सगळ्यात 'तुला काय हवंय?' हे विचारायला कुणाला वेळ झाला नाही.

मला या कहाणीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९७ च्या नोव्हेंबरात तो क्रमवारीत १४१ व्या स्थानावर घसरला. तिथे सोडून देणं सोपं होतं, पैसा आणि नाव दोन्ही मिळून झालं होतं. तो छोट्या स्पर्धांमधून पुन्हा वर चढला. १९९९ ची फ्रेंच ओपन अंतिम सामन्यात दोन सेट गमावल्यावर जिंकली आणि पुन्हा अव्वल झाला. ३६ व्या वर्षापर्यंत, २००६ पर्यंत तो खेळला. त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार टेनिस तेव्हाही फारसं लाडकं झालेलं नव्हतं, पण आता ते त्याने निवडलेलं होतं. लास व्हेगासमध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढायची होती, ती २००१ मध्ये सुरू झाली. खेळ तोच, मात्र कारण बदललं होतं.

३. असं उघड बोलणारे आणखी कोण आहेत?

अर्जेंटिनाचा गाब्रिएल बातिस्तुता. दोन वेगवेगळ्या विश्वचषकांत हॅटट्रिक करणारा हा स्ट्रायकर फुटबॉल आपलं काम आहे, आवड नाही, असं सांगायचा. आणि काम त्याने किती इमानाने केलं? निवृत्तीनंतर घोट्यांच्या वेदना इतक्या असह्य झाल्या की 'पाय कापून टाका' असं तो डॉक्टरांना सांगायला गेला होता.

टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबचा तेव्हाचा बचावपटू बेनुआ असू-एकोटो याने २०१० मध्ये मुलाखतीत सांगून टाकलं की मी पैशासाठी खेळतो, सगळेच कामावर पैशासाठी जातात, मग खोटं कशाला बोलायचं? ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू निक किर्योसचं मन बास्केटबॉलमध्ये आहे, हे त्याने लपवलं नाही. २०२२ मध्ये तो विम्बल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला.

जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका हिचं म्हणणं जरा वेगळं होतं. २०२१ च्या अमेरिकन ओपनमधून बाहेर पडल्यावर ती म्हणाली की हल्ली जिंकले तरी आनंद होत नाही, फक्त सुटल्यासारखं वाटतं आणि हरल्यावर मात्र फार वाईट वाटतं. तिची गोष्ट नावडीपेक्षा थकव्याच्या बाजूची आहे. त्यासाठी प्रश्न ११ पाहा.

४. आवड नसताना माणूस रोज पहाटे ५ वाजता उठतो कसा?

कारण उठण्यासाठी आवड हे एकच इंधन नसतं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेची जी मांडणी केली, ती इथे फार उपयोगी पडते. एका टोकाला मौज म्हणून केलेली गोष्ट, दुसऱ्या टोकाला छडीच्या भीतीने किंवा बक्षिसाच्या लोभाने केलेली. पण मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. 'नाही गेलो तर अपराधी वाटेल' ही एक पायरी. 'मला हे गोड वाटत नाही, पण माझ्यासाठी ते महत्त्वाचं आहे' ही त्याच्या बरीच वरची. आणि 'मी कोण आहे याचाच हा भाग आहे' ही त्याहून वरची. या वरच्या दोन पायऱ्यांवर मौज नसली तरी माणूस वर्षानुवर्षं टिकतो, कारण निर्णय त्याचा असतो.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. वडील गेल्यावर २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि रोइंग, म्हणजे वल्ह्यांच्या नौकांची शर्यत, तिथेच शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स (एकट्याने नौका वल्हवण्याच्या) प्रकारात तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहून आला, आणि त्याचं स्पर्धात्मक धावणं सैन्यातच सुरू झालं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीचं रौप्य त्याच्या गळ्यात पडलं. आधी भाकरी, मग खेळ, असा हा क्रम आहे. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना असलेलं ५ टक्के आरक्षण, रेल्वे आणि पोलीस दलातली भरती, दहावी-बारावीचे वाढीव गुण यांसाठी हजारो मुलं ग्राउंडवर येतात. 'नोकरीसाठी खेळतोस होय?' असं त्यांना हिणवणारे लोक बहुधा पगाराच्या घरात वाढलेले असतात.

५. मला स्पर्धा आवडते, सराव अजिबात नाही. म्हणजे मला खेळ आवडत नाही का?

खेळ ही एक अखंड वस्तू नाही, त्यामुळे एक सरसकट उत्तर येणार नाही. पोहणाऱ्याला पाणी आवडतं आणि तासन्‌तास तळाची काळी रेघ बघणं आवडत नाही. पैलवानाला मातीत कुस्ती धरणं आवडतं, हजार जोर-बैठका आवडत नाहीत आणि वजन उतरवणं तर कुणालाच आवडत नाही.

१९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा जो गाजलेला अभ्यास केला, त्यात सुधारणेसाठी केलेला एकट्याचा रियाज हा सर्वात उपयोगी आणि तरी फारसा सुखाचा नाही, असंच निघालं होतं. नंतर कुस्ती आणि फिगर स्केटिंगच्या खेळाडूंना विचारलं तेव्हा मात्र चित्र बदललं: अवघड आणि महत्त्वाचा सराव अनेकांना आवडतही होता. कदाचित तालमीत बरोबरीचे गडी असतात आणि बंद खोलीत व्हायोलिन वाजवणारा एकटा असतो, म्हणून असेल. हा माझा अंदाज.

तुमच्यापुरतं उत्तर असं: सराव नकोसा वाटणं सामान्य आहे. स्पर्धेचीही ओढ उरली नसेल तर प्रश्न ११ वाचा.

६. आधी आवड नव्हती, नंतर लागली, असं होतं का?

खूपदा होतं. आधी आवड, मग मेहनत, मग यश हा क्रम ऐकायला बरा वाटतो, प्रत्यक्षात तो उलटाही चालतो. जमू लागलं की गोडी लागते.

ब्रिटनने २००७ मध्ये उंच आणि तंदुरुस्त तरुणांना शोधून ऑलिंपिक खेळांकडे वळवण्याची मोहीम काढली होती. हेलन ग्लोव्हर त्यातून आली. अट ५ फूट ११ इंचांची होती आणि ही जरा कमी भरत होती, म्हणून मोजताना टाचा उचलून उभी राहिली. २००८ मध्ये तिने रोइंग सुरू केलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जोडीदारीण हेदर स्टॅनिंगसोबत यजमानांचं पहिलं सुवर्ण जिंकलं. पुढे २०१६ मध्ये पुन्हा सुवर्ण, आणि तीन मुलांची आई झाल्यावर २०२४ मध्ये पॅरिसला रौप्य. आवड असल्याशिवाय इतक्यांदा कुणी परत येत नाही, पण निवड झाली तेव्हा मोजली गेली ती उंची.

७. मुलगी १० वर्षांची आहे. बॅडमिंटनच्या क्लासला जाताना रडते. पुढे आवडेल म्हणून रेटू का?

रेटू नका. वरचं उत्तर मोठ्या माणसांना लागू होतं, दहा वर्षांच्या मुलीला नाही. ज्याँ कोते या कॅनडातल्या अभ्यासकाने खेळाडूंच्या वाढीचा जो आराखडा मांडला त्यात साधारण ६ ते १२ ही वर्षं वेगवेगळे खेळ चाखून बघण्याची आणि मोकळं खेळण्याची आहेत. एकाच खेळाला वाहून घेणं त्यानंतर येतं. जिम्नॅस्टिक्ससारखे लवकर सुरू होणारे खेळ याला अपवाद, पण तिथेही मुलीचं रडणं म्हणजे माहिती असते, नखरे नव्हेत.

आधी नक्की काय नकोय ते शोधा. खेळ, सर, बॅचमधली चिडवणारी मुलं, क्लासला जायचा दीड तासाचा प्रवास, की हरल्यावर परतताना गाडीत होणारं विश्लेषण? बऱ्याच घरांत दोष त्या गाडीतल्या विश्लेषणाचा असतो. कुणी बघत नसताना ती सोसायटीच्या आवारात रॅकेट घेऊन उतरते का, ते बघा. उतरत असेल तर खेळ शाबूत आहे, क्लास बदला. रॅकेट कपाटाबाहेर येतच नसेल तर वर्षभर दुसरं काहीतरी खेळू द्या. भरलेली फी विसरा.

एक जपून करायची गोष्ट: आठवड्याभराचा कंटाळा आला की लगेच नाव काढू नका. चालू सत्र पूर्ण करायचं आणि मग ठरवायचं, असं आधीच बोलून ठेवलं तर मुलं ते पाळतात.

८. पण आगासीला वडिलांनी जबरदस्ती केली म्हणूनच तो घडला ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडीलच विचारतात. त्यांच्यासाठी एक तपशील: माइक आगासींना चार मुलं होती आणि आंद्रे शेंडेफळ. टेनिसचा आग्रह थोरल्या भावंडांवरही झाला होता. घर तेच, बाप तोच, पद्धत तीच, पण विजेता एकच निघाला. जी मुलं मोडली त्यांची आत्मचरित्रं छापली जात नाहीत, म्हणून ही पद्धत यशस्वी वाटते. आणि जो एक निघाला त्यालाही मनातला तिरस्कार निस्तरायला जवळपास तीस वर्षं लागली.

९. बक्षीस, पैसे दिले तर मुलांची आवड मरते का?

मरू शकते, पण कशी दिली यावर ते ठरतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची हौस असलेल्या मुलांवर प्रयोग केला. 'काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ' असं आधी कबूल केलेली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक, न सांगता बक्षीस मिळालं त्यांची हौस टिकली. तेव्हा प्रत्येक धावेला दहा रुपये हा करार मोडा. सामन्यानंतर मिसळ खाऊ घालायला हरकत नाही.

१०. सुवर्णपदक जिंकल्यावर तरी आनंद होतो ना?

त्या क्षणी होतो. नंतरचं सांगता येत नाही. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. पुढे त्याने जाहीरपणे सांगितलं की आयुष्यातलं मोठं मानसिक संकट हरल्यावर नाही, जिंकल्यावर आलं. एकाच ध्येयावर वर्षानुवर्षं डोळा लावला होता, ते गाठल्यावर सकाळी उठून करायचं काय? अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्सकडे ऑलिंपिकची २३ सुवर्णं आहेत. २०१२ नंतर त्यालाही जगणं नकोसं वाटण्यापर्यंतच्या नैराश्यातून जावं लागलं. उपचार घेतले आणि २०१६ ला परतून त्याने पाच सुवर्णं जिंकली. बिंद्राही रिओपर्यंत नेम धरत राहिला आणि तिथे चौथा आला.

या दोघांवरून खेळ आवडत नव्हता असा निष्कर्ष काढू नये. पदक आणि खेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. पदकासाठीच खेळलं तर पदक मिळाल्यावर हात रिकामे होतात.

११. नुसता कंटाळा आणि बर्नआउट यांत फरक कसा ओळखायचा?

कंटाळा विश्रांतीने जातो. चार-पाच दिवस सुट्टी घेऊन पाय पुन्हा आपसूक ग्राउंडकडे वळले, तर काळजी नको.

बर्नआउटची तीन लक्षणं थॉमस रेडकी यांच्या संशोधनामुळे आता सर्वमान्य झाली आहेत: शरीर-मनाचा न सरणारा थकवा, आपल्याकडून काही होत नाही ही भावना, आणि ज्या खेळाची एकेकाळी किंमत होती त्याची किंमतच न वाटणं. तिसरं सर्वात बोलकं. हरल्यावर वाईट वाटणंही बंद झालं की समजावं. रेडकी यांनी १९९७ मध्ये किशोरवयीन जलतरणपटूंचा अभ्यास केला. बर्नआउटची लक्षणं जास्त दिसली ती अडकलेल्या मुलांमध्ये, म्हणजे पोहावंसं वाटत नाही पण सोडताही येत नाही अशांमध्ये. आईबापांनी कर्ज काढलंय, शाळा सुटलीय, गावात फ्लेक्स लागलेत, आता मागे कसं फिरायचं? आपल्याकडे ही अडकण फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल बोललं जात नाही.

आधी शरीर तपासून घ्या. अपुरी झोप, रक्तातलं कमी लोह, अतिसराव यांनीही खेळ नकोसा होतो, आणि त्यांवर इलाज आहे. जगण्यातच अर्थ वाटत नसेल तर मात्र खेळाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

१२. आवड इतकी असते की तिचाच त्रास होतो, असं असतं का?

असतं. रॉबर्ट व्हॅलरँड यांनी खेळवेडाचे दोन प्रकार सांगितले. एकात खेळ आयुष्यात आपली जागा घेऊन बसतो आणि बाकीच्यांनाही जागा देतो. दुसऱ्यात खेळ माणसाला धरून ठेवतो: दुखापत असतानाही सराव, बहिणीच्या लग्नातही जिमची चिंता, एक दिवस चुकला तर चिडचिड. दुसऱ्या प्रकारची माणसंही पदकं जिंकतात. बाहेरून बघणाऱ्याला ती जास्त 'समर्पित' दिसतात, हीच मेख आहे.

१३. अव्वल असताना सोडून देणारे पळपुटे नाहीत का? अॅश बार्टी, सिमोन बाइल्स?

ही दोन उदाहरणं एका दावणीला बांधू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जिम्नॅस्ट बाइल्सने सांघिक अंतिम फेरी सोडली ती हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भानच सुटत होतं म्हणून. तशा अवस्थेत उडी मारली तर मान मोडते. आवडीनिवडीशी त्याचा संबंध नव्हता आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णं जिंकून दाखवली.

ऑस्ट्रेलियाची टेनिसपटू बार्टी हिचं वेगळं. २०१४ मध्ये तिने एकदा टेनिस सोडलं होतं, ब्रिस्बेन हीटकडून चक्क क्रिकेट खेळून आली, मग परतून विम्बल्डन आणि ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. मार्च २०२२ मध्ये, २५ व्या वर्षी, क्रमवारीत पहिली असताना ती थांबली. आता आत ती इच्छाच उरली नाही, असं तिने साधेपणाने सांगितलं. ज्या माणसाला एकदा सोडून परत येता आलं, त्याला दुसऱ्यांदा सोडणं म्हणजे काय हे बाहेरच्यांपेक्षा जास्त कळतं.

१४. खेळ आवडत नाही म्हणणारे सामन्यात अंग चोरत असतील ना?

पाय कापायला निघालेला बातिस्तुता आठवा. आवड आणि इमान या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी आहेत. उलट उदाहरणही आहे: २०१७ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत हरल्यावर ऑस्ट्रेलियाच्या बर्नार्ड टोमिकने आपल्याला कोर्टवर कंटाळा आला होता असं सांगितलं, खोटी दुखापत दाखवल्याचंही बोलून गेला. दंड झाला, रॅकेटचा प्रायोजकही गेला. शिक्षा कंटाळ्याची नव्हती, सोंगाची होती. तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला पूर्ण प्रयत्न मागण्याचा हक्क आहे. त्या माणसाने हसत खेळावं हा हक्क तिकिटात येत नाही.

१५. मी कोच आहे. माझा सर्वात चांगला खेळाडू म्हणाला, 'सर, मला हे आवडत नाही.' काय करू?

पहिलं, त्याला संघातून काढू नका आणि घरी फोन करू नका. त्याने हे तुम्हाला सांगितलं म्हणजे त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो पाठदुखीचं कारण सांगेल.

मग 'हे' म्हणजे काय ते विचारा (प्रश्न ५). थकवा आहे का बघा (प्रश्न ११). दोन्हीकडे काही सापडलं नाही, तर सरळ विचारा: 'मग कशासाठी खेळतोस?' तो 'पोलिसात लागायचंय' म्हणाला, 'धाकट्या बहिणीचं शिक्षण करायचंय' म्हणाला, 'मला त्या अमक्याला एकदा हरवायचंय' म्हणाला, तर कामाला लागा. त्याच्या कारणाला धरून सराव आखा आणि त्याला त्यातलं थोडं स्वतः ठरवू द्या: आठवड्यातला एक दिवस, एखादी स्पर्धा, सरावाचा एक तास. 'माहीत नाही' म्हणाला तर महिनाभर थांबून पुन्हा विचारा. 'पप्पांसाठी' म्हणाला, तर पुढचं बोलणं पप्पांशी करावं लागेल, पण त्याला विचारून आणि त्याला समोर बसवून.